बाजू बदलून उभी राहा

"मावशी, मी नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात सर्जरीला आहे, सेकंड इयर. आमच्या युनिटमध्ये एक सर आहेत. हात फार चांगला, शिकवतात मनापासून, गरीब पेशंटचं बिल स्वतः शब्द टाकून कमी करून आणतात. मागच्या वर्षी मी फर्स्ट इयरची रेसिडेंट असताना ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) त्यांच्या शेजारी उभी राहिले की कोपर लागायचं. आधी वाटलं, चुकून लागलं असेल. मग मागून येऊन माझ्या दोन्ही हातांवर हात ठेवून 'रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं अवजार) असा धरायचा' सुरू झालं. रात्री साडेबाराला मेसेज, 'जागी आहेस का?' मी आमच्या सीनिअरला सांगितलं. ती म्हणाली, 'सरांचं तसंच आहे गं, तू बाजू बदलून उभी राहा.' मी तेच केलं आणि वर्ष काढलं. मेसेज अजूनही येतात. पाडव्यालाही आला, माझ्या डीपीतल्या साडीबद्दल. मी अंगठा टाकून विषय संपवते.

गेल्या आठवड्यात आमची फर्स्ट इयरची मुलगी ड्यूटी रूममध्ये रडत बसली होती. तेच सर, तेच कोपर, आणि एकदा लिफ्टमध्ये त्याच्याही पुढचं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या तोंडून निघालं, 'तू बाजू बदलून उभी राहा.' तेव्हापासून मला झोप नाही. सर माझे थेसिस गाइड आहेत. बाबा परभणीकडे शाळेत शिक्षक, फीसाठी कर्ज काढलंय. तक्रार केली तर पास होईन का? नाही केली, तर त्या मुलीकडे बघवत नाही. काय करू?"

एक रेसिडेंट

*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग चहा टाकला आणि तो गॅसवर उतू गेला. ते वाक्य मला ओळखीचं होतं. माझ्या वेळी ते जरा वेगळ्या शब्दांत होतं, एवढंच.

मी भूलतज्ज्ञ. रेसिडेन्सी केली 1980 च्या दशकात. कुठे, ते सांगत नाही. आमच्याकडेही असेच एक होते. त्यांच्या ऑपरेशनच्या लिस्टला नवी मुलगी असिस्टला आली की ओटीच्या मुख्य सिस्टर काही न बोलता मेयो ट्रॉली पायाने सरकवून बरोबर त्या दोघांच्या मधे आणायच्या. आर्टरी फोर्सेप्स, कात्र्या, सुया मांडलेली ती ट्रॉली म्हणजे कुंपण. आम्हा मुलींना सिस्टर देवासारख्या वाटायच्या आणि त्या होत्याही. पण आज मागे वळून बघते तेव्हा दिसतं, की त्या ओटीत ट्रॉली हलत होती, मुली हलत होत्या, ड्यूटीचे तक्ते हलत होते. ते सर तेवढे जागच्या जागी होते. त्याच जागेवरून सन्मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात शाल मीच आणून दिली होती.

हे आधी सांगितलं, म्हणजे 'मीही तेच म्हणाले' हे तुझं ओझं जरा हलकं व्हावं. तुला जे मिळालं ते तू पुढे दिलंस. सीनिअरकडून टाके घालायला शिकतो तसंच हेही शिकतो आपण. त्यात तुझा दुष्टपणा नव्हता. पण तुला झोप लागत नाहीये, ही मला या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी वाटली. तुझ्या त्या सीनिअरला बहुतेक लागली असणार.

आता सर. 'हात चांगला आहे, शिकवतात मनापासून' हे तू पहिल्या चार वाक्यांत लिहिलंस. अशा पत्रांत ते नेहमीच वर असतं. जणू काही तक्रार करायच्या आधी माणसाला प्रमाणपत्र द्यावं लागतं. ठेव ते खरं. माणूस उत्तम सर्जन असू शकतो आणि हेही करू शकतो. पित्ताशय सफाईने काढता येतं म्हणून कोपराचा हिशेब माफ होत नाही.

'कदाचित शिकवतच असतील' हा किडा तुझ्या मनात अजून असेल, तर तो बाहेर काढू. सर्जरी हात धरूनच शिकवली जाते, मला मान्य आहे. पण ज्याला शिकवायचंय तो मनगट धरतो, अवजार धरतो, समोरून किंवा बाजूने धरतो, सगळ्यांदेखत, तोंडाने सांगत सांगत. मुलग्यांनाही तसंच शिकवतो. तुमच्या युनिटमधल्या किती मुलग्यांच्या मागे उभं राहून सरांनी दोन्ही हात धरलेत? त्यांच्यापैकी कुणाला साडेबाराला 'जागा आहेस का' विचारलंय? उत्तर तुला माहीत आहे. शिवाय आपण वॉर्डात काय शिकवतो? बाईमाणसाला तपासायचं तर आधी सांगायचं, विचारायचं, शेजारी सिस्टरला उभं करायचं. आजारी, अनोळखी बाईच्या बाबतीत जे सांभाळतो, ते शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत विसरलं जात असेल, तर ते विसरणं नसतं.

ओटीची जागा अशा माणसाला किती सोयीची असते, हे बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून इतर वाचकांसाठी सांगते. एकदा हात धुऊन गाउन-ग्लोव्ह्ज चढवले की ते हात तुमचे राहत नाहीत. खाली सोडायचे नाहीत, कशाला लावायचे नाहीत, छातीशी धरून उभं राहायचं. ऑपरेशन सुरू झालं की एका हातात रिट्रॅक्टर, दुसऱ्यात सक्शन. समोर पोट उघडलेला माणूस. अशा वेळी कुणी अंगाला अंग लावलं तर ढकलायला हातच नसतो, आणि दोन पावलं मागे सरकलं तर पेशंटचं नुकसान. ओरडायचं तर भूल दिलेला माणूस टेबलावर. सेकंड असिस्टंट बहुतेक वेळा सर्जनच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो, आणि सेकंड असिस्टंट म्हणजे कोण, तर फर्स्ट इयरची मुलगी. हे फक्त आपल्याकडचंच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये 2023 साली सर्जरीतल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेतलेल्या बायकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जणींनी मागच्या पाच वर्षांत सहकाऱ्यांकडून लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि साधारण तीनात एकीने थेट अंगावर हात टाकला गेल्याचं. तिकडेही बाजू बदलून उभं राहायला सांगत असणार.

आता तू काय करायचंस. सगळ्यात आधी त्या मुलीकडे जा. ओटीत नको, ड्यूटी रूममध्येही नको, तिथल्या भिंतींना कान असतात आणि बाथरूमच्या दाराला कडी नसते. बाहेर घेऊन जा, सीवूड्सला जा, कुठे तरी बसून वडापाव खा. आणि सरळ म्हण, "त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं. माझ्याही बाबतीत हेच झालंय." एवढं दुसरं वाक्य ऐकलं की तिचे खांदे खाली येतील बघ. कारण आत्ता ती हाच विचार करत असणार, की माझंच काही चुकलं का, मी जास्त हसले का, स्क्रब्ज घट्ट होते का.

मग तिला विचार की तिला काय हवंय. हे महत्त्वाचं आहे, कारण तुझ्या पत्रात अपराधीपणाचा वेग आहे आणि त्या वेगात तू तिच्या वतीने तक्रार ठोकून मोकळी होशील. लिफ्टमधलं जे काही आहे ते तिचं आहे. ते कधी, कुणाला, किती सांगायचं हे तिने ठरवायचं. ती 'आत्ता नको' म्हणाली तर 'बरं' म्हण आणि मुदत तेवढी सांगून ठेव.

मुदतीकडे येते, कारण इथे बऱ्याच मुली फसतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे, म्हणजे ज्याला सगळे पॉश म्हणतात, शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यायची असते. उशिराचं कारण समितीला पटलं तर ती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तू तुझ्यापुरतं गृहीत धरलंयस की 'माझं मागच्या वर्षीचं, आता काय'. पण पाडव्याचा मेसेज? एका मागोमाग एक प्रसंग असतील तर मोजणी शेवटच्यापासून होते. साडीवरचा तो मेसेज तुझं घड्याळ अजून चालू ठेवून आहे. त्यामुळे तू तिची नुसती साक्षीदार नाहीस, तक्रारदारही होऊ शकतेस. दोघींनी दोन स्वतंत्र अर्ज दिलेत आणि एकमेकींच्या अर्जात साक्षीदार म्हणून नाव घातलंत, तर समितीला 'हिच्या मनाचे खेळ' म्हणून फाइल बंद करणं फार जड जातं.

'आम्ही विद्यार्थी, नोकर नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. कायद्यात प्रशिक्षणार्थी येतात, रुग्णालयं नावानिशी येतात, आणि तू विद्यावेतन घेऊन रात्री कॅज्युअल्टी सांभाळतेस. विद्यार्थी म्हणूनही विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे नियम आहेत. त्यातली एक तरतूद मला फार आवडते: डीन, विभागप्रमुख असे वरच्या पदांवरचे लोक समितीत बसू शकत नाहीत. आणि प्रकरण विद्यार्थ्याचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधी घ्यावे लागतात. अध्यक्ष ज्येष्ठ महिलाच हवी, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेची हवी. समितीची यादी ठळक जागी लावणं संस्थेवर बंधनकारक आहे. तुमच्याकडे ती असेल बायोमेट्रिकच्या मशीनमागे, 'थुंकू नये'च्या शेजारी. शोध आणि फोटो काढ. बाहेरची सदस्य कोण ते बघ आणि शक्य असेल तर आधी तिच्याशी बोल. मी स्वतः काही वर्षं अशी बाहेरची सदस्य होते. आतल्यांना रोज कँटीनमध्ये एकमेकांची तोंडं बघायची असतात, आम्हाला नसतात.

अर्ज लिहायचा कसा, हे तुला मी शिकवायला नको. केस पेपर लिहितेस तसा. तारीख, वेळ, ओटी नंबर, कुठली केस (पेशंटचं नाव अजिबात नको, त्याची गोपनीयता तुझ्या भांडणात ओढायची नाही), कोण कुठे उभं होतं, काय केलं, तू काय म्हणालीस, नंतर कुणाला सांगितलंस. विशेषणं गाळ. 'अश्लील वर्तन केले' यातून काहीच कळत नाही. 'डाव्या कोपराने माझ्या छातीला तीन वेळा स्पर्श केला, मी मागे सरकल्यावर पुन्हा केला' यातून कळतं. हे लिहिताना तुला मळमळेल. लिही तरीही, हवं तर दोन बैठकांत. तारखा आठवत नसतील तर जुने ड्यूटी रोस्टर काढ आणि तुझं स्वतःचं लॉगबुक बघ. त्यात प्रत्येक असिस्टची तारीख तूच लिहिली आहेस. तुझी सर्जरीची शिदोरीच इथे पुरावा म्हणून कामी येते.

मेसेज काढून टाकू नकोस, कितीही घाण वाटली तरी. पूर्ण चॅट ईमेलवर पाठवून ठेव, स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि वेळ दिसू दे. आपोआप पुसले जाणारे मेसेज त्यांनी चालू केले असतील तर आजच हे कर. तू अंगठा टाकलास याचा कुणी मुद्दा केला तर घाबरू नकोस. गाइडच्या मेसेजला रेसिडेंट अंगठाच टाकते, दुसरं काय टाकणार?

साक्षीदारांसाठी तू बहुतेक फक्त रेसिडेंट मुलींचाच विचार केला असशील. माझ्या जातभाईंना विसरू नकोस. आम्ही पेशंटच्या डोक्याशी बसतो, पडद्याच्या वरून आम्हाला सगळं टेबल दिसतं, आणि भूल एकदा स्थिर झाली की बघण्याखेरीज फारसं कामही नसतं. तुमच्या भूल विभागातल्या एखाद्या मॅडमना, किंवा सरांनाही, नीट विचारून बघ. त्यांनी बघितलंय. आणि ओटीच्या सिस्टर. त्यांना तर सगळ्याच सरांचं सगळंच माहीत असतं. मात्र त्यातल्या कंत्राटावरच्या पोरींना गळ घालू नकोस. त्यांची नोकरी तुझ्या सीटपेक्षा कच्ची असते.

आता तुझा खरा प्रश्न: पास होईन का?

अर्जासोबतच वेगळ्या परिच्छेदात अंतरिम दिलासा माग. चौकशी चालू असताना त्या व्यक्तीने तुझ्या कामाचं मूल्यमापन करू नये, तुझ्या परीक्षेत परीक्षक असू नये, थेसिसचं मार्गदर्शन दुसऱ्याकडे द्यावं, युनिट बदलावं, असं समिती संस्थेला लेखी सांगू शकते. पण ते मागावं लागतं. न मागता कुणी ताटात वाढत नाही. युनिट बदलायचं तर 'माझं नको, त्यांचं बदला' असंही मागता येतं, कायदा दोन्ही म्हणतो. तुमच्या प्रॅक्टिकलला बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक असतातच. त्यामुळे एका माणसाच्या हातात तुझी पदवी आहे असं जे वाटतं, ते पूर्ण खरं नाही. पूर्ण खोटंही नाही. एखादा वर्षभर तुला केस देणार नाही, मॉर्निंग मीटिंगमध्ये फाडून खाईल, सरांच्या मर्जीतले तीन रेसिडेंट तुझ्याशी बोलायचं टाकतील. हे होतं. सूड घेतला जातोय असं वाटलं तर तेही तारीखवार लिहून समितीला दे, तो वेगळा मुद्दा होतो.

समितीने चौकशी 90 दिवसांत संपवायची, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि संस्थेने 60 दिवसांत कारवाई. समितीपुढे वकील आणता येत नाही, सरांनाही नाही. 'आपसात मिटवा' असं कुणी सुचवेल. समेट तक्रारदाराने मागितला तरच होऊ शकतो आणि त्यात पैशांचा व्यवहार चालत नाही. नको असेल तर नको म्हण, कारण सांगायची गरज नाही. 'सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच उलटेल' अशी भीती कँटीनमध्ये हमखास घातली जाते. नुसतं सिद्ध न होणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे. हे कायद्यातच लिहिलंय.

पोलिसांचा रस्ता वेगळा आहे आणि त्याला ही तीन महिन्यांची अट नाही. लिफ्टमधल्या प्रकारासाठी त्या मुलीला तो रस्ता घ्यावासा वाटला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 75 आहे. नकोशा स्पर्शासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तिला जायचं असेल तर संस्थेने मदत करायची असते, अडवायचं नसतं. लिफ्टमधल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी लगेच करायला हवी. हे तिला आजच सांग, बाकीचं सावकाश. हद्दीचा घोळ कुणी घातला (आपल्याकडे खारघर-कामोठ्याला रायगड आणि बेलापूर-नेरूळला ठाणे जिल्हा, त्यामुळे घालतात), तर कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, पुढे वर्ग करणं त्यांचं काम.

यातून काय निघेल याचा शब्द मी देणार नाही. मी समितीवर असताना एका प्रकरणात त्या गृहस्थांना लेखी ताकीद मिळाली आणि वेतनवाढ थांबली. आम्हाला वाटलं होतं त्याहून कमी. ती मुलगी चिडली, माझ्याशीही भांडली, आणि बरोबरच होती. गाइड मात्र पहिल्याच महिन्यात बदलला होता. ती पास झाली. दोन वर्षांनी ठाणे स्टेशनच्या पुलावर भेटली, पनवेल लोकलला धावत होती, थांबली नाही, हात तेवढा केला.

रुग्णालयात तोंड बंद ठेवण्याचा इतिहास मोठा आहे. 1973 साली मुंबईत केईएममध्ये परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर वॉर्डबॉयने लैंगिक अत्याचार केला, हे सगळ्यांना माहीत होतं. शिक्षा मात्र झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची. त्या 2015 पर्यंत त्याच रुग्णालयात पडून होत्या आणि त्यांना इतकी वर्षं सांभाळलं ते तिथल्या परिचारिकांनी. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या बलात्कार आणि हत्येनंतर तुम्ही सगळ्यांनी काळ्या फिती लावल्या असतील. तुमचे सरही मोर्चात असतील, पुढच्या रांगेत. मी टोमणा मारत नाहीये, खरंच असतील.

बाबांना सांगायचं का, ते तू विचारलं नाहीस, पण पत्रात ते आहेत. सांग. फोनवर नको, घरी जाऊन सांग. आयुष्यभर शाळेत घालवलेला माणूस आहे. मास्तरांचा हात कुठे थांबला पाहिजे हे त्यांना तुझ्या डीनपेक्षा जास्त कळत असेल. आणि झोप आठवडाभरात परतली नाही तर 14416 वर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, फुकट आहे. डॉक्टर असून फोन करायचा म्हणून लाजू नकोस.

अर्ज तयार होऊन सहा प्रती निघेपर्यंत आठवडा तरी जाईल. तोवर त्या मुलीच्या ड्यूट्या बघ. सरांच्या लिस्टला तिच्याऐवजी एखाद्या मुलग्याला स्क्रब व्हायला सांग, लिफ्ट टाळायची असेल तर जिन्याने तिच्यासोबत चढ. हेसुद्धा ट्रॉली सरकवणंच आहे, मला ठाऊक आहे. आठवडाभर सरकव.